चेकरचा कॉम्प्युटर

"हा डबा आधी कुणीतरी उघडलाय," तिहोमिर म्हणाला आणि त्यानं पॉवर सप्लायचं खोकं नाकाशी नेऊन हुंगलं.

काउंटरमागचा दुकानदार एव्हाना वैतागला होता. "काका, मीच उघडला. आत्ता, तुमच्यासमोर. तुम्हीच म्हणालात, हातात घेऊन वजन बघायचंय."

"ते पाहिलं मी. त्याच्या आधी उघडला होता का, ते विचारतोय."

"नाही हो."

"मग ही चिकटपट्टी तिरकी कशी?"

तिहोमिरनं तो लोखंडी ठोकळा या तळहातावरून त्या तळहातावर घेतला. जड होता. जड म्हणजे आत खरा माल, हलका म्हणजे नुसता पत्रा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं त्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता, ती गोष्ट वेगळी.

"याच्यावर ग्राफिक कार्ड कुठलं चालवणार?" दुकानदारानं विचारलं. "त्यावर ठरतं, केवढा सप्लाय लागेल ते."

"तुम्हाला काय करायचंय?"

"अहो, कुठे दुखतंय ते सांगायचं नाही आणि औषध द्या म्हणायचं, असं चाललंय तुमचं."

"मी पॉवर सप्लाय मागितला. तो द्या, बिल द्या, आणि बिलावर शिक्का मारा."

आमच्या नीश शहरात तिहोमिरला ओळखत नाही असा बसचा प्रवासी शोधून सापडायचा नाही. माणसाचा उभा जन्म सिटी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला. साध्या कपड्यांत मागच्या दारानं चढायचा, दोन स्टॉप खिडकीबाहेर बघत राहायचा, आणि मग खिशातून बिल्ला काढायचा. बिनतिकिटाचा माणूस त्याला मानेवरून कळायचा. पेन्शन सुरू झाली, बिल्ला जमा झाला, सवय मात्र त्यानं घरी आणली. पोस्टातली बाई पेन्शनच्या नोटा द्यायची, हा त्या तिच्यादेखत उजेडात धरून बघायचा. चर्चमधल्या मेणबत्त्यासुद्धा हल्ली पूर्वीपेक्षा लवकर जळतात, असं त्याचं ठाम मत होतं.

तर असा माणूस वयाच्या साठीनंतर गेम खेळायचा कॉम्प्युटर जमवायला निघाला होता. जवळ होते तीनशे युरो. तेवढ्यात सगळं बसवायचं, त्यामुळे तयार मशीनचा विचारच नको, सुटे भाग आणायचे आणि घरी जोडायचे. आणि त्यातही त्याचा एक नियम होता: कुठलेही दोन भाग एका दुकानातून घ्यायचे नाहीत. म्हातारा आख्खं मशीन जमवतोय हे एकाला कळलं की संपलं, तो एक वस्तू चांगली देणार आणि तीन सडक्या गळ्यात मारणार. म्हणून मदरबोर्ड आणि प्रोसेसर किल्ल्याजवळच्या दुकानातून आणला, ते दोन जोडीनंच मिळाले म्हणून नाइलाज झाला. रॅम नदीपलीकडून आणली. हे सगळं बसवायची पेटी स्टेशनजवळून. कुठल्याच दुकानात दुसऱ्या दुकानाचा पत्ता लागू दिला नाही.

हे सगळं कशासाठी, तर बोयानासाठी.

बोयाना त्याची एकुलती एक मुलगी. जर्मनीत उल्म नावाच्या गावी इस्पितळात नर्स होती. आई वारल्यावर वर्षभरानं ती तिकडे गेली. फोन यायचा, पण फोनवर तिहोमिर बापासारखा बोलायचाच नाही. कुठे आहेस, बरोबर कोण आहे, भाडं किती, पावती देतात का. पोरगी हो-नाही करायची आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून ठेवायची. मग एकदा तिनं त्याच्या जुन्या मशीनवर ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघं कानाला हेडफोन लावायची आणि आपापले ट्रक काढायची. ती पुढे, हा मागे. आणि काय जादू झाली कोण जाणे, रस्त्याकडे डोळे लागले की तिहोमिरचे प्रश्न बंद व्हायचे. मग बोयाना बोलायची. आजारी म्हाताऱ्यांबद्दल, उल्मच्या धुक्याबद्दल, कधी आईबद्दल. तो नुसता हूं म्हणायचा आणि गियर टाकायचा. आठवड्यात तेवढीच दुपार त्याची होती.

त्या दुपारीही संशय घ्यायला त्याला एक जागा सापडलीच होती. उन्हाळ्यापासून एक हिरवा ट्रक त्यांच्या मागे लागला होता. दर रविवारी यायचा, पुढे जायचा नाही, बोलायचा नाही. जुन्या मशीनच्या पडद्यावर तो आरशात नुसता हिरवा डाग दिसायचा.

"हा कोण आपल्या मागावर आहे?" तिहोमिर म्हणायचा. "काहीतरी पाणी मुरतंय. काढून टाक त्याला."

"असू दे बाबा," बोयाना म्हणायची. "रस्ता सगळ्यांचाच आहे."

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि जुन्या मशीननं मान टाकली. ट्रक चार हात चालायचा, थिजायचा, एकदम दरीत दिसायचा. दोन रविवार असेच वाया गेले. तिसऱ्या वेळी सगळं बंद पडायच्या आधी बोयाना म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी कर. मला एक सांगायचंय तुला."

"आत्ता सांग की."

"आत्ता नाही. फोनवर तर नाहीच. गाडी चालवताना सांगेन."

तेव्हापासून तिहोमिरच्या मनात शंकेची पाल एकसारखी चुकचुकत होती. नोकरी गेली असेल. आजारी असेल. कुणीतरी फसवलं असेल. काय ते रविवारी कळणार होतं, आणि रविवारी मशीन चालायलाच हवं होतं.

*

"दाब की जरा," लुबिशा म्हणाला.

"दाबून मोडली तर तू देणार आहेस?"

लुबिशा खालच्या मजल्यावर राहायचा. तिहोमिर ज्या बसमध्ये तिकिटं तपासायचा, तीच बस लुबिशा चालवायचा, त्यामुळे मैत्री जुनी आणि तोंडाळ. कॉफीचा कप घेऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. टेबलावर मदरबोर्ड होता आणि रॅमची पट्टी काही केल्या त्याच्या खाचेत बसत नव्हती. पट्टीतली खाच एकीकडे आणि बोर्डावरचा दात दुसरीकडे.

"दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं झालंय हे," लुबिशा म्हणाला. "दुकानदाराला सांगितलं होतंस का, तुझा बोर्ड कुठला ते?"

"त्याला कशाला सांगू? तो विचारत होता. खोदून खोदून विचारत होता. तेव्हाच मला वास आला."

"कसला वास?"

"की यात त्याचा काहीतरी फायदा आहे."

लुबिशानं कप खाली ठेवला. "चेकरसाहेब, शिंप्याकडे गेलात आणि माप देणार नाही म्हणालात. आता कोट बसत नाही म्हणून शिंप्याला शिव्या घाला."

रॅम जुन्या जातीची होती आणि बोर्ड नव्या जातीचा. तिहोमिरला पुन्हा नदी ओलांडून जावं लागलं, आणि मान खाली घालून बोर्डाचं नाव सांगावं लागलं. दुकानदारानं हूं की चूं न करता पट्टी बदलून दिली, वरचे थोडेसे पैसे घेतले. एवढ्या सहज बदलून दिली म्हणजे पहिल्यांदा जास्त घेतले असणार, हे परत येताना पुलावर तिहोमिरच्या लक्षात आलं.

आता राहिलं होतं ग्राफिक कार्ड, म्हणजे ज्याच्यामुळे पडद्यावर चित्र उमटतं तोच भाग. स्वस्तातला प्रोसेसर घेतल्यामुळे कार्डाशिवाय मशीन आंधळंच राहणार होतं. नव्या कार्डाची किंमत ऐकून तो दुकानाच्या दारातूनच मागे फिरला होता. घ्यायचं तर वापरलेलं. आणि वापरलेल्या कार्डांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. मध्यंतरी निम्म्या गावाला वेड लागलं होतं, कार्डं दिवसरात्र तापवत ठेवायची आणि इंटरनेटवरची नाणी खोदायची. वेड ओसरलं आणि ती दमलेली कार्डं धुऊनपुसून बाजारात आली. कुणी लिहायचं, 'खाणकाम केलेलं नाही.' तिहोमिर म्हणायचा, चोराशिवाय कोण सांगेल मी चोर नाही म्हणून. कुणी काहीच लिहायचं नाही. तिहोमिर म्हणायचा, बघा, लपवतोय.

शेवटी त्याच्या पैशात बसणारं एकच उरलं. कामेनित्सा गावातला ग्रादिमिर नावाचा कुणी वेल्डर विकत होता. जाहिरातीत एक फोटो आणि दोन वाक्यं: 'चालतं. येऊन बघा.'

तिहोमिरनं फोन केला. तिकडून मोकळा आवाज आला, "शनिवारी या, काका. कधीही या. सगळे घरीच आहोत."

"सगळे कशाला लागतात?" फोन ठेवल्यावर तो लुबिशाला म्हणाला. "कार्ड एक, विकणारा एक. चौघं मिळून मला घेरायचा बेत दिसतोय."

"चल, मी येतो गाडी घेऊन," लुबिशा म्हणाला. "तुला घेरतील तेव्हा मी बाहेर उभा राहून हसेन."

*

कामेनित्साच्या त्या घरापुढे गाड्यांची रांग लागली होती. आतून भाजलेल्या डुकराचा आणि कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सारम्यांचा वास येत होता. लुबिशानं गाडी थांबवली आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा, आज कोझ्मा-दाम्यान. यांची स्लावा आहे."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी दार उघडं असतं. कुणाला बोलावणं नाही आणि आलेल्याला 'का आलात' हा प्रश्न नाही. आणि हे दोघे संत तर वैद्य, जन्मभर लोकांना औषध दिलं आणि दमडी घेतली नाही.

"रिकाम्या हातानं आलो आपण," लुबिशा म्हणाला आणि डिकी उपसायला लागला. डिकीत पान्यांखाली एक वाइनची बाटली निघाली. त्यानं ती बाहीला पुसली.

तिहोमिर गाडीतच बसून होता. "मुद्दाम बोलावलंय," तो म्हणाला. "स्लावाच्या दिवशी कोण घासाघीस करतो? आधी खाऊ घालणार, मग माझ्या तोंडाला कुलूप. पक्का आहे."

"उतर खाली."

दारात ग्रादिमिर आला. चाळिशीचा, दांडगा, पांढऱ्या शर्टातलं अंग अवघडलेलं. मागे त्याची म्हातारी आई ताटली घेऊन उभी. ताटलीत उकडलेला गहू, साखर आणि अक्रोड घातलेला, त्यात चमचे खोचलेले. घरात शिरणाऱ्यानं आधी छातीवर हातानं क्रूस करायचा आणि चमचाभर गहू तोंडात टाकायचा, मग बाकीचं. लुबिशानं दोन्ही केलं आणि "स्लावा सुखाची जावो, यजमान," म्हणून बाटली पुढे केली.

"घे बाबा," म्हातारी तिहोमिरला म्हणाली.

"आधी कार्ड बघू," तिहोमिर म्हणाला.

म्हातारीचा हात तसाच पुढे राहिला. लुबिशानं त्याला कोपरानं ढोसलं, तरी तिहोमिर हलला नाही. त्याच्या स्वतःच्या घरी डिसेंबरात संत निकोलाची स्लावा असायची. देसांका, त्याची बायको, होती तोवर घर माणसांनी भरायचं. ती गेल्यावर तो दाराला साखळी लावून एकटाच मेणबत्ती पेटवायचा. उघड्या दारातून कोण शिरेल, काय उचलून नेईल, कुणी सांगावं.

आत लांब टेबलाभोवती वीसेक माणसं जेवत होती. ग्रादिमिरनं दोन खुर्च्या ओढल्या, ताटं मागवली. तिहोमिर खुर्चीच्या कडेला टेकला. मग ग्रादिमिरनं कपाटातून एक वस्तू आणली, स्वयंपाकघरातल्या लाल चौकडीच्या टॉवेलात गुंडाळलेली.

"हे घ्या. घरी न्या, लावून बघा, चार दिवस चालवा."

"इथेच चालवून दाखवा."

"मशीन पोटमाळ्यावर टाकलंय, काका. ते एरवी असतं त्या खोलीत आज पाहुणे बसलेत."

"बरं. पैसे घ्या आणि लिहून द्या."

"आज पैसे नाही घेत. आज या घरात कुणाकडून काही घेत नाहीत. चालवून बघा, मग आणून द्या. आठवड्यानं दिलेत तरी चालेल."

तिहोमिरला वाटलं, आता उकललं. पैसे न घेता माल देणारा माणूस त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घरी नेऊन लावायचं, कार्ड जळायचं, आणि मग हा येऊन म्हणणार, तुम्हीच जाळलंत, भरा दुप्पट. साक्षीला ही वीस माणसं. तो उठून उभा राहिला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "यावर खाणकाम केलंय की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

चमचे थांबले. म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. ग्रादिमिरचा चेहरा लाल झाला.

"काका, आज जेवा," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण उद्या बोलू."

"म्हणजे केलंय," तिहोमिर म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

*

शहरात परतल्यावर इमारतीखाली गाडी लावून लुबिशा म्हणाला, "त्या म्हातारीच्या हातचा गहू नाही घेतलास तू."

"मला फसवत होते."

"तुला जेवायला वाढत होते. तुझं डोकं फिरलंय, तिहोमिर. पुढच्या वेळी बसनं जा. तिकीट काढून."

त्यानं गाडीचं दार आपटलं आणि तो आपल्या घरात गेला.

टेबलावर मशीन जोडून तयार होतं. पॉवर सप्लाय, बोर्ड, रॅम, सगळं जागच्या जागी. मधे कार्डाची जागा तेवढी रिकामी. तिहोमिर बराच वेळ त्या फटीकडे बघत बसला. मग त्यानं बोयानाला निरोप लिहिला: मशीन उद्यापर्यंत होणार नाही. काय सांगायचंय ते फोनवर सांग.

उत्तर लगेच आलं: 'फोनवर नको बाबा. राहू दे मग. पुढे कधीतरी सांगेन.'

'पुढे कधीतरी' हे शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वाचले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. खूप दिवस दार वाजवून दमलेला माणूस जसा जिना उतरून जातो, तसं होतं ते. आणि तिहोमिरला एकाएकी भीती वाटली. कार्ड जळायची नाही, पैसे बुडायची नाही. पोरगी आता विचारायचंच सोडून देईल, याची.

रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, कपाटातली देसांकाच्या वेळची वाइनची बाटली घेतली आणि कामेनित्साची बस धरली. तिकीट काढलं. कुणी विचारलं नाही, तरी उतरेपर्यंत हातातच धरून बसला.

ग्रादिमिर अंगणात खुर्च्या पुसत होता. स्लावाचा दुसरा दिवस, उरलेलं खायला जवळची माणसं यायची तेवढीच. तिहोमिरला बघून तो सरळ उभा राहिला.

"काय काका, आज पोलीस आणलेत की एकटेच?"

"एकटाच आहे," तिहोमिर म्हणाला. बाटली कशी पुढे करावी हे त्याला कळेना. "काल चुकलं माझं. आईसाहेब आहेत का?"

म्हातारी दारात आली. तिनं त्याच्याकडे एकवार पाहिलं, आत गेली आणि ताटली घेऊन आली. तळाशी थोडा गहू उरला होता. तिहोमिरनं टोपी काढली, क्रूस केला आणि चमचाभर तोंडात घातला. गोड होता. देसांकाही असाच करायची, जायफळ घालून.

"बस बाबा आता," म्हातारी म्हणाली. "उभ्यानं काय खातोस."

तो आणि ग्रादिमिर स्वयंपाकघरात बसले. ग्रादिमिरनं तो लाल चौकडीचा टॉवेल टेबलावर उलगडला.

"खाणकाम केलंय," तो म्हणाला. "एक हिवाळा. भाऊ आणि मी. वरची खोली त्यावरच गरम ठेवायचो. पुढे पंखे बदलले. दोन वर्षं नुसते खेळलो त्यावर."

"जाहिरातीत का नाही लिहिलंत?"

"लिहिलं तर कुणी फोनही करत नाही. येईल त्याला तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. काल तुम्ही भर जेवणात विचारलंत, आईला वाटलं, संताच्या दिवशी घरावर बोट ठेवलं. म्हणून गप्प बसलो." त्यानं बोटानं कार्डावरची धूळ काढली. "सांगितलेल्या किमतीतून दहा युरो कमी द्या. ते मी आधीच कमी करणार होतो."

संशय खरा निघाला होता. एरवी तिहोमिरला त्यातच सगळं मिळालं असतं. आज मिळालं नाही.

"विकताय कशाला?" त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदाच ते तपासणीसारखं ऐकू आलं नाही.

"भाऊ स्लोव्हेनियाला गेला कामाला. दोघं खेळायचो. एकट्याला काय मजा हो त्यात."

तिहोमिरनं खिशातून पाकीट काढलं. ग्रादिमिरनं हात आडवा धरला.

"आज नाही. आजही स्लावाच आहे. उद्या-परवा आणा."

"आणि मी आलोच नाही तर?"

ग्रादिमिरनं खांदे उडवले. "तर नाही आलात."

*

कार्ड फटीत बसलं. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडदा काळाच राहिला, आणि तेवढ्या वेळात तिहोमिरनं ग्रादिमिरला, त्याच्या भावाला आणि सगळ्या वेल्डरांना मनातल्या मनात चोर ठरवूनही टाकलं. मग चित्र आलं.

जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यानं बोयानाला निरोप टाकला, 'मशीन झालं,' आणि हेडफोन घातले. ती आली. तिचा निळा ट्रक पुढे, हा मागे, नेहमीसारखा. पण रस्ता नेहमीसारखा नव्हता. काचेवर पावसाचे थेंब होते आणि एकेक थेंब घरंगळताना दिसत होता. कडेच्या झाडांना पानं होती.

"दिसतंय का नीट?" बोयानानं विचारलं.

"सगळं दिसतंय," तो म्हणाला आणि आरशात बघितलं.

हिरवा ट्रक होता. आज तो डाग नव्हता. पुढचे दिवे होते, काचेवर फिरणारी पुसणी होती, आणि काचेखाली एक पाटी होती. आमच्याच अक्षरांत, जरा वाकड्यातिकड्या, लिहिलं होतं: जावई.

आरशातली उलटी अक्षरं जुळवत तिहोमिरनं ते दोनदा वाचलं. ट्रक रस्ता सोडून कडेच्या खडीवर गेला, त्यानं तो ओढून परत आणला.

"बोयाना, या मागच्या ट्रकवर काय लिहिलंय?"

"तेच सांगायचं होतं," ती म्हणाली.

"लग्न कधी केलंस?"

"जूनमध्ये. इथल्या नगरपालिकेत. आम्ही दोघं आणि दोन साक्षीदार. दुआर्ते नाव त्याचं, पोर्तुगालचा आहे, माझ्याच इस्पितळात असतो. पाटी त्यानं तेव्हापासूनच लावली आहे, बाबा. तो शब्द त्यानं माझ्याकडून शिकून घेतला. दर रविवारी म्हणायचा, आज वाचतील."

दर रविवारी तिहोमिर म्हणाला होता, काढून टाक त्याला. ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, त्याचे कागद आहेत का, आधीचं लग्न झालंय का, माझ्या पगारावर डोळा आहे का." तिचा आवाज जरा चिरकला. "तू वाईट नाहीस, बाबा. पण तुझ्यासमोर आलं की माणूस आपलं तिकीट चाचपायला लागतो. मीसुद्धा."

पुसणी काचेवरून इकडून तिकडे गेली. लग्नात कोण होतं, काय नेसली होतीस, आईचे कानातले घातले होतेस का, हे त्याला विचारायचं होतं. त्याच्या पाठीमागून दुसरे प्रश्नही घशात येऊन उभे होते, कागदांचे, पगाराचे, सगळे जुने. ते त्यानं गिळले. डोळे भरून आले होते, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मग त्यानं उजवीकडचा दिवा लुकलुकवला, वेग कमी केला आणि ट्रक कडेला घेतला. निळा ट्रक पुढे गेला. हिरवा मागे अडखळला, त्याला कळेना काय करायचं. तिहोमिरनं दोनदा दिवे मिचकावले. तेव्हा हिरवा ट्रक सावकाश त्याच्या बाजूनं पुढे आला आणि बोयानाच्या मागे लागला. तिहोमिर त्या दोघांच्या मागे निघाला.

"त्याला सांग, पुढे घाट आहे," तो म्हणाला. "गियर आधीच कमी कर म्हणावं."

"तूच सांग. ऐकतोय तो. थोडंफार कळतं त्याला."

हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला. "नमस्कार, बाबा," एक जाड आवाज म्हणाला. एकेक अक्षर घोकून आणलेलं.

"नमस्कार," तिहोमिर म्हणाला. "गियर. गियर कमी करा, जावईबापू."

पुढच्या ट्रकमधून बोयानाचं हसू ऐकू आलं, नाक ओढत ओढत. घाट उतरून ते सपाटीला लागले. पाऊस तसाच होता. मालाच्या अड्ड्याशी पोहोचल्यावर तिघांनी ट्रक शेजारी शेजारी लावले.

"बाबा," बोयाना म्हणाली, "निकोलाला आम्ही येऊ का? दोघं? तुला चालत असेल तरच."

"स्लावाला कुणी विचारून येतं का," तिहोमिर म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. नंतर पुन्हा एकदा, "बरं, बाबा."

निळा ट्रक पडद्यावरून गेला. मग हिरवा गेला. त्यांच्या जागी ओली फरशी उरली आणि तिच्यावर पडणारा पाऊस. तिहोमिरनं कितीतरी वेळ आपले दिवे चालूच ठेवले.